माळव्याच्या हवेत इचेवेरिया

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोटी रोपे देण्याची पद्धत आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आता रुळली आहे. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा ती आम्हाला केव्हाही बरी वाटते. या रोपांत सर्वांत जास्त पसंती असते ती गुलाबाच्या फुलासारखी पाने रचलेल्या, निळसर, जांभळ्या किंवा गुलाबी सक्युलंटला. जानेवारीत ते इतके देखणे दिसते की हातात घेणारी विचारते, "हे खरे आहे की प्लास्टिकचे?" रंगपंचमीपर्यंत त्याचा गुलाबीपणा फिका पडतो, मे महिन्यात ते आक्रसते आणि गणपती येईपर्यंत बऱ्याच घरांत नुसती कुंडी उरते. मग "माझ्या हाताला झाडे लागतच नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

हाताचा यात काही दोष नाही. या झाडाला 'काळजी न घेता जगणारे' म्हणून विकले जाते, आणि तिथेच गोची होते. त्याला काळजी लागते, पण तुळस, मोगरा, जास्वंद यांना लागते तशी नाही. मंडळाच्या बागप्रेमी गटाकडे याच झाडाबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते, म्हणून आमच्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत जे उपयोगी पडले ते इथे एकत्र लिहीत आहोत.

आधी नाव. या झाडांपैकी बहुतेक 'इचेवेरिया' या कुळातली किंवा त्याच्या जवळच्या नात्यातली असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या राजाने मेक्सिकोतल्या वनस्पतींची नोंद करण्यासाठी एक मोठी मोहीम काढली होती. तिच्यात अतानासिओ एचेवेरिया नावाचा मेक्सिकन चित्रकार होता. त्याने काढलेली वनस्पतींची चित्रे पाहून स्विस शास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८२८ साली या कुळाला त्याचे नाव दिले. चित्रकाराच्या नावाचे झाड इतके चित्रासारखे असावे, हा योग आम्हाला फार आवडतो.

इचेवेरियाच्या दीडशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या. समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर किंवा त्याहून उंचावर, खडकांच्या कपारीत, कड्यांच्या उतारावर ही झाडे वाढतात. सक्युलंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट येते, पण हे वाळवंटातले झाड नाही. तिथे पाऊस पडतो आणि तोही आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर. फरक असा की कड्यावर पडलेले पाणी वाहून जाते, मुळांशी मूठभर खडी आणि थोडा पालापाचोळा असतो, वारा सतत वाहतो, आणि दिवस कितीही तापला तरी रात्र गार होते. आपल्या कुंडीत यांपैकी एकही गोष्ट आपोआप मिळत नाही.

गार रात्रीचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच ठरते. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात. इचेवेरियासारखी झाडे दिवसा ही छिद्रे बंद ठेवतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री गारवा आला की ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्यातून अन्न तयार करतात.

याचा एक जुना दाखला आपल्याच देशातला आहे, आणि तो आपल्या ओळखीच्या झाडाचा. पानफुटी! वहीत पान ठेवून त्याला फुटणारी पिल्ले पाहण्याचा उद्योग आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केला असेल. ती पानफुटी आणि इचेवेरिया एकाच घराण्यातल्या. दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने या वनस्पतितज्ज्ञाने पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारी त्याला चव राहत नाही, असे नोंदवले. त्याचे ते पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, ते असे जिभेला कळले होते. (आपण मात्र हा प्रयोग करू नये. पानफुटी आणि तिच्या नात्यातले कलांचो गुरांना आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. इचेवेरिया तशी नाही, पण म्हणून ती खायची वस्तू होत नाही.)

आता रात्र गरम आणि दमट असेल तर काय होईल? छिद्रे पुरेशी उघडत नाहीत, वाढ थांबते, मुळे पाणी ओढणे जवळजवळ बंद करतात. आपण घातलेले पाणी मातीत तसेच राहते, गरम चिखल होतो, त्यात बुरशी वाढते आणि खोड आतून कुजते. म्हणजे झाड मरते ते नुसत्या पावसाने किंवा नुसत्या उन्हाने नाही. ते झोपलेले असताना आपण त्याला जेवू घालतो, म्हणून मरते.

या बाबतीत आपण मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांपेक्षा नशीबवान आहोत. 'शब-ए-माळवा' म्हणून आपल्या रात्रींची जी ख्याती आहे, ती या झाडांनाही लागू पडते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो खरा, पण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आपल्याकडे जशा गार, कोरड्या रात्री मिळतात तशा समुद्रकिनाऱ्यावर मिळत नाहीत. तिथे वर्षभर धडपडून जो रंग येत नाही, तो इथे डिसेंबरात सहज येतो.

रंगाचेही तसेच आहे. पानांतला लाल-जांभळा रंग म्हणजे झाडाने उन्हापासून बचावासाठी अंगावर घेतलेली ओढणी समजा. भरपूर ऊन, गार रात्री आणि थोडी तहान या तिन्ही गोष्टी जुळल्या की अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य वाढते आणि कडा गुलाबी होतात. ऊन कमी झाले, रात्री उबदार झाल्या, पाणी मुबलक मिळाले की तेच झाड पुन्हा हिरवे होते. म्हणून जुलैत झाड हिरवट दिसले तर ते आजारी नाही. रंग परत यावा म्हणून खत घालणे तर अगदीच चुकीचे; जास्त नत्राने पाने आणखी हिरवी आणि पोसलेली होतात आणि लवकर कुजतात. दुकानातले जे झाड बाराही महिने एकसारखे गडद निळे किंवा चकचकीत सोनेरी दिसते, ते बहुधा रंगवलेले असते. नवे पान निघाले की खरा रंग कळतो.

पानांवरची पांढरट पावडर मात्र वेगळी गोष्ट आहे. तो मेणाचा थर आहे, धूळ नव्हे. तो उन्हापासून वाचवतो आणि पाणी ओघळून टाकतो. एकदा बोट लागून पुसला गेला की त्या पानावर परत येत नाही; नव्या पानावरच नवा थर येतो. तेव्हा दिवाळीची साफसफाई करताना ओल्या फडक्याने ही पाने पुसू नयेत, आणि पाहुण्यांनाही प्रेमाने सांगावे.

कुंडी आणि माती यांवर आम्ही सर्वांत जास्त भर देतो. वाणात मिळालेले रोप पुष्कळदा चिनी मातीच्या कपात किंवा काचेच्या भांड्यात असते. खाली भोक नाही, वर रंगीत खडे, कधी ते खडे डिंकाने चिकटवलेले. असे रोप घरी आले की पहिल्याच आठवड्यात बाहेर काढावे. मुळांभोवतीचा नर्सरीतला काळा भुसभुशीत कोकोपीट हलक्या हाताने झाडून टाकावा. कोकोपीट एकदा भिजला की बराच काळ ओला राहतो. म्हणून तो आपल्या कामाचा नाही. मग रोप दोन-तीन दिवस सावलीत उघडेच ठेवावे, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात, आणि नंतर मातीच्या साध्या कुंडीत लावावे. कुंडी झाडाच्या घेरापेक्षा बोटभरच मोठी हवी. 'पुढे वाढेल' म्हणून मोठी कुंडी घेतली तर जादा माती जादा दिवस ओली राहते.

माळव्याची काळी माती गहू आणि सोयाबीनसाठी सोने आहे, या झाडासाठी नाही. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. आम्ही तीन भाग दगड-वीट आणि एक भाग खत असे साधे प्रमाण धरतो. दगड-वीट म्हणजे मटारच्या दाण्याहून थोडी लहान गिट्टी, विटांचा तेवढाच चुरा आणि बांधकामाची जाड वाळू. खत म्हणजे चाळलेले, पूर्ण कुजलेले पानांचे खत किंवा गांडूळखत. एक पायरी बहुतेक जण गाळतात: गिट्टी आणि विटांचा चुरा चहाच्या मोठ्या गाळणीतून चाळून धूळ काढून टाकायची. ही धूळ राहिली तर दोन महिन्यांत खाली बसून सिमेंटसारखा थर होतो आणि निचरा बंद पडतो. परलाइट मिळाला तर घालावा, नाही मिळाला तर अडत नाही. मिश्रण जमले की नाही हे कळायला कुंडीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते वर साचून न राहता लगेच खालून बाहेर आले पाहिजे.

पाण्याचे वेळापत्रक आम्ही मुद्दाम देत नाही. 'आठवड्यातून एकदा' हा सल्ला जानेवारीत ठीक, ऑगस्टमध्ये जीवघेणा. त्याऐवजी झाडाला विचारावे. खालची पाने बोटांत धरून हलकेच दाबा. टणक असतील तर पाणी नको. किंचित मऊ पडली, त्यांवर बारीक सुरकुती दिसली, आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली, तर पाणी द्यावे. आणि देताना खालून निथळेपर्यंत भरपूर द्यावे. रोज चमचा-चमचा पाणी शिंपडणे सर्वांत वाईट. पाणी मातीत घालावे, पानांच्या मधल्या खळग्यात साचू देऊ नये. बोअरचे पाणी जड असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात, त्यासाठीही हे बरे.

इथे घरातल्या एका गोड अडचणीचा उल्लेख केलाच पाहिजे. इचेवेरियाची कुंडी पुष्कळदा तुळशीच्या शेजारी ठेवली जाते, कारण ऊन तिथेच असते. सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की तांब्यात उरलेले चार थेंब आजी मायेने शेजारच्या कुंडीत घालतात. आजींना सांगून उपयोग होत नाही, हा आमच्या गटातल्या सर्वांचाच अनुभव आहे. कुंडीची जागा बदलणे सोपे.

जागा निवडताना दक्षिणेकडची गॅलरी मिळाली तर ती पहिली घ्यावी. कर्कवृत्त आपल्या थोडे उत्तरेला, उज्जैनजवळून जाते. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ऊन गॅलरीत खोलवर येते. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि छतामुळे तीच गॅलरी सावलीत जाते. झाडाला नेमके हेच हवे असते. पूर्वेची गॅलरीही चांगली. पश्चिमेचे ऊन हिवाळ्यात चालते, एप्रिल-मेमध्ये पाने भाजून तपकिरी चट्टे पडतात. घरात टीव्हीजवळ किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवलेले झाड उजेडाच्या शोधात उंच वाढते, पानांतले अंतर वाढते आणि गुलाबाचा आकार मोडून त्याचा जिना होतो. पाहुणे येणार त्या दिवशी आत आणावे, दुसऱ्या दिवशी बाहेर ठेवावे. आत राहिलेल्या झाडाला एकदम कडक उन्हातही टाकू नये. आठ-दहा दिवस हळूहळू सवय करावी.

वर्षाचा क्रम आम्ही आपल्या सणांवर बांधला आहे, म्हणजे लक्षात राहतो. कोजागिरीनंतर झाड जागे होते: कुंडी बदलणे, थोडे खत, भरपूर ऊन, सगळे तेव्हापासून. दिवाळी ते शिवरात्र हा त्याचा सुगीचा काळ. थंडीची काळजी आपल्याकडे नको; माती कोरडी असेल तर पाच-सहा अंशांची रात्र ते सहज काढते. होळीनंतर खत बंद. गुढीपाडव्याच्या सुमारास दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा, निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. अक्षय तृतीयेपासून पाणी कमी आणि तेही सूर्य मावळल्यावर, कारण तापलेल्या कुंडीत दुपारी घातलेल्या पाण्यात मुळे उकडून निघतात. बाहेरची पाने वाळतील, झाड मिटून लहान होईल. होऊ द्यावे.

मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, कुंड्या पावसाच्या माऱ्यातून हलवायच्या. पहिल्या सरीचे कौतुक म्हणून झाडे भिजवण्याचा मोह होतो, तो टाळावा. पारदर्शक पत्र्याखाली किंवा छज्जाखाली, पण उजेडात आणि मुख्यतः वाऱ्यात ठेवावे. बंद खोलीत ठेवले तर पावसापासून वाचते आणि कोंदट हवेने जाते. कुंड्यांमध्ये चार बोटे अंतर ठेवावे. खालची वाळलेली पाने काढून टाकावीत, कारण त्यांच्याखाली ओल आणि कीड दोन्ही राहतात. पाणी पंधरा-वीस दिवसांतून एकदा, तेही पाने सुरकुतली तरच, आणि सलग दोन दिवस उघाड असेल तेव्हाच. तहानेने सुरकुतलेले झाड एका पाण्यात उभे राहते. कुजलेले झाड कशानेच परत येत नाही. ही एक गोष्ट पक्की झाली तर निम्मी झाडे वाचतील.

कुजणे लवकर ओळखले तर अजूनही काही हाती लागते. खालचे पान पिवळट, पारदर्शक, पाणी भरल्यासारखे दिसले आणि नुसत्या स्पर्शाने गळले, तर खोड तपासावे. बुंध्याशी काळे दिसले की वाट पाहू नये. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने वरचा शेंडा कापावा आणि काप पूर्ण स्वच्छ, हिरवट-पांढरा दिसेपर्यंत वरवर कापत जावे. मध्यभागी तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुढे चढते. मग शेंडा आठवडाभर कोरड्या सावलीत रिकाम्या वाटीवर ठेवावा आणि काप वाळल्यावर कोरड्या खडीवर बसवावा. मुळे फुटेपर्यंत पाणी नाही.

कीड म्हणाल तर मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसाचे कण दिसतात आणि मुंग्यांची ये-जा वाढते. इयरबड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कण टिपावा, आठवड्याने पुन्हा पाहावे. निमतेल फवारल्यावर मेणाचा थर जातो आणि उन्हात पाने भाजतात, म्हणून आम्ही ते या झाडांवर वापरत नाही.

विकत घेताना जात पाहावी. कालिम्पोंगसारख्या डोंगराळ भागातल्या नर्सऱ्यांत वाढलेली सुंदर झाडे इथे येतात, पण सगळीच आपला उन्हाळा काढत नाहीत. सुरुवात ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायन्सपासून करावी. नावात पॅराग्वे असले तरी तेही मेक्सिकोचेच. राखाडी-गुलाबी, ठिसूळ पानांचे आणि अत्यंत चिवट. जांभळ्या रंगासाठी 'पर्ल फॉन नुरेम्बर्ग' हा जर्मनीत तयार झालेला संकर आणि लाल टोकांसाठी 'आगाव्हॉइड्स' या दोन्ही आमच्याकडे बऱ्यापैकी टिकल्या आहेत. दाट मेणाची पांढरीशुभ्र 'लाउइ' किंवा युरोपच्या डोंगरांतले सेम्परव्हायव्हम हे दोन-तीन पावसाळे काढल्यावर घ्यावे. आणि ऑनलाइन विकले जाणारे 'निळ्या इचेवेरियाचे बी' कोणीही घेऊ नये. ते फोटो रंगवलेले असतात आणि पाकिटातून उगवते ते भलतेच काहीतरी.

पुढच्या संक्रांतीला स्वतः वाढवलेली रोपे वाटायची असतील तर काम याच महिन्यात, फेब्रुवारीत सुरू करावे. खालचे निरोगी पान देठाशी धरून डावी-उजवीकडे हलवत काढावे. खोडाला जोडलेले टोक अखंड निघाले पाहिजे, मोडलेल्या पानाला कोंब येत नाही. चार-पाच दिवस सावलीत वाळवून पाने खडीच्या मिश्रणावर नुसती ठेवावीत, पुरू नयेत. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी मुळे आणि मोहरीएवढे रोप दिसू लागते. तोपर्यंत पाणी नको, मुळे दिसल्यावर अधूनमधून हलका फवारा पुरे. मूळ पान सुरकुतून कागदासारखे होते. ते ओढून काढू नये, पिल्लू त्याच्यावरच जगत असते, आपोआप सुटेल तेव्हा सुटेल. ही पिल्ले लहान असल्यामुळे मोठ्या झाडाइतकी तहान सोसत नाहीत. उन्हाळ्यात त्यांना सावलीत ठेवून थोडे जास्त वेळा पाणी द्यावे. दहा पानांतली चार-पाच पावसाळा काढतात असे धरून तेवढी जास्त लावावीत. ज्यांच्याकडे जादा पाने असतील त्यांनी ती कागदाच्या पाकिटात, जातीचे नाव लिहून, मंडळाच्या पुढच्या मासिक बैठकीला आणावीत. प्लास्टिकच्या पिशवीत आणू नयेत, येईपर्यंत घाम येऊन कुजतात.